लिटल प्लम्प्टनचे फाटक: फ्रॅकिंग म्हणजे काय आणि गावाने ते का अडवले

इंग्लंडच्या वायव्य भागात, ब्लॅकपूल हे समुद्रकाठचे शहर आणि प्रेस्टन यांच्या दरम्यान फाइल्ड नावाचा सपाट, हिरवागार मुलूख आहे. गाईंची चराऊ कुरणे, दुधाचा धंदा आणि लहानलहान वस्त्या असलेल्या या भागातून प्रेस्टन न्यू रोड नावाचा रहदारीचा रस्ता जातो. त्या रस्त्यालगत, लिटल प्लम्प्टन या छोट्या वस्तीशेजारी, एका शेताच्या फाटकासमोर जानेवारी २०१७ पासून २०१९ च्या अखेरपर्यंत जवळजवळ रोज माणसे उभी राहत होती. ‘क्वाड्रिला’ ही कंपनी त्या शेतात विहीर खोदून फ्रॅकिंगच्या पद्धतीने नैसर्गिक वायू काढू पाहत होती आणि गावकऱ्यांना ते नको होते. या गावकऱ्यांना कुणी प्रगतीचे विरोधक म्हटले, कुणी उगाच घाबरलेले म्हटले. मला मात्र त्यांचा प्रश्न पहिल्यापासून रास्त वाटतो, आणि तो का रास्त होता हे समजण्यासाठी आधी जमिनीखाली नेमके काय केले जाते ते पाहावे लागेल.

नेहमीच्या वायुक्षेत्रात वायू वाळूच्या खडकासारख्या सच्छिद्र खडकात साठलेला असतो आणि वर एखाद्या अभेद्य थराने अडवलेला असतो. तो थर भेदला की वायू स्वतःच्या दाबाने वर येतो. शेल नावाच्या गाळाच्या खडकात तसे होत नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी बसलेल्या चिखलाचा हा खडक बनलेला असतो आणि त्यातील सेंद्रिय द्रव्यापासून तयार झालेला वायू अतिसूक्ष्म पोकळ्यांत जागच्या जागी अडकून राहतो. पोकळ्या एकमेकींना पुरेशा जोडलेल्या नसल्यामुळे नुसती विहीर खोदून तो हाती लागत नाही, त्यासाठी खडकालाच भेगा पाडाव्या लागतात. फाइल्ड ज्या लँकेशायर परगण्यात आहे, त्याच्याखालच्या अशा खडकाला बोलंड शेल म्हणतात. ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने २०१३ साली उत्तर इंग्लंडच्या या थरात सुमारे १,३०० लाख कोटी घनफूट वायू असावा असा मधला अंदाज मांडला. हा आकडा वर्तमानपत्रांतून खूप गाजला, परंतु तो खडकात असलेल्या वायूचा होता. त्यातला किती वायू परवडेल अशा खर्चात बाहेर काढता येईल, हे तो आकडा सांगत नव्हता. हा फरक त्या काळातल्या अनेक भाषणांतून गळून गेला.

भेगा पाडण्याची, म्हणजेच फ्रॅकिंगची, रीत अशी असते. प्रथम दोन किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून खोल सरळ बोअर घेतला जातो आणि शेलच्या थरात पोचल्यावर तो आडवा वळवून आणखी काही शे मीटर पुढे नेतात. आपल्याकडे बोअरवेलमध्ये वरच्या भागात केसिंग घालतात, ते बहुतेक शेतकऱ्यांना ठाऊक असते. इथे मात्र पोलादी केसिंगचे एकात एक असे अनेक थर उतरवून त्यांच्या मागे सिमेंट भरले जाते, कारण विहीर भूजलाच्या थरातूनच खाली जाते आणि वायू किंवा रसायने त्या पाण्यात मिसळता कामा नयेत. मग आडव्या भागातल्या केसिंगला ठरावीक अंतरावर छिद्रे पाडून पाणी, वाळू आणि थोडी रसायने यांचे मिश्रण प्रचंड दाबाने आत सोडतात. खडक तडकतो, पाण्याबरोबर वाळूचे कण भेगांत शिरतात आणि दाब काढून घेतल्यावर भेग मिटू नये म्हणून पाचरीसारखे तिथे अडकून राहतात. त्या भेगांमधून वायू विहिरीत येतो. ही क्रिया विहिरीच्या आडव्या लांबीवर टप्प्याटप्प्याने पुन्हा पुन्हा करावी लागते. अमेरिकेतील एका शेल विहिरीला यासाठी कोटी-दीड कोटी लिटर, बऱ्याचदा त्याहूनही अधिक पाणी लागते. त्यातला काही भाग परत वर येतो तेव्हा त्यात खडकातले क्षार, धातू आणि थोड्या प्रमाणात नैसर्गिक किरणोत्सारी द्रव्येही उतरलेली असतात, त्यामुळे ते पाणी ओढ्यात सोडून देता येत नाही.

भूजल बिघडण्याच्या भीतीला आधार होता तो अमेरिकेतल्या अनुभवाचा. पेनसिल्व्हेनिया राज्यातील डिमॉक या ग्रामीण भागात १ जानेवारी २००९ रोजी एका घराच्या पाण्याच्या विहिरीत साठलेल्या मिथेनचा स्फोट झाला. राज्याच्या पर्यावरण खात्याने वायुविहिरी खोदणाऱ्या कंपनीला त्यासाठी जबाबदार धरले आणि तिच्या कामावर निर्बंध घातले. हे प्रकरण इतके लांबले की नोव्हेंबर २०२२ मध्ये, तब्बल तेरा वर्षांनी, त्या कंपनीच्या वारस कंपनीने न्यायालयात आरोप न लढवता सार्वजनिक नळयोजनेसाठी १ कोटी ६० लाख डॉलरांहून अधिक रक्कम देण्याचे मान्य केले. दीड-दोन किलोमीटर खोलीवर पाडलेली भेग थेट वरच्या भूजलापर्यंत पोचणे दुर्मीळ आहे, हे इथे स्पष्ट सांगितले पाहिजे. खरा धोका बहुधा सदोष सिमेंट, गळकी केसिंग आणि जमिनीवर सांडणारे पाणी यांचा असतो. ज्यांच्या घरची विहीर बिघडते त्यांना मात्र दोष भेगेचा होता की केसिंगचा, याने फारसा फरक पडत नाही.

लँकेशायरमध्ये गोष्ट पाण्यापेक्षा भूकंपावर जास्त फिरली. क्वाड्रिलाने ब्लॅकपूलजवळ प्रीस हॉल येथे विहीर खोदून २०११ च्या वसंतात फ्रॅकिंग सुरू केले. शेल वायूसाठी ब्रिटनमध्ये झालेला तो पहिलाच प्रयत्न होता. १ एप्रिल २०११ रोजी २.३ आणि २७ मे रोजी १.५ तीव्रतेचा धक्का बसला. काम थांबले, अभ्यास झाले आणि धक्के फ्रॅकिंगमुळेच बसले असा निष्कर्ष निघाला. त्या विहिरीच्या केसिंगचा काही भाग दबून तिचा आकारही बिघडला होता.

पाणी आत सोडल्याने जमीन का हलावी? खडकात जुन्या भेगांच्या रेषा असतात, ज्यांना भ्रंश म्हणतात. भ्रंशाच्या दोन्ही बाजूंवर ताण असतो, पण वरच्या खडकाच्या प्रचंड वजनामुळे त्या बाजू एकमेकींवर घट्ट दाबलेल्या असतात आणि घर्षणामुळे सरकत नाहीत. भ्रंशात दाबाखालचे पाणी शिरले की ते दोन्ही बाजूंना आतून ढकलू लागते, घट्टपणा कमी होतो आणि आधीपासून साठलेला ताण मोकळा होऊन खडक सरकतो. म्हणजे पाणी भूकंपाची सगळी ताकद पुरवत नाही, तर तिथे असलेल्या ताकदीला वाट करून देते. महाराष्ट्राला हे तत्त्व फार जवळून माहीत आहे. कोयना धरणात पाणी साठू लागल्यानंतर त्या परिसरात धक्के जाणवू लागले आणि ११ डिसेंबर १९६७ चा विनाशकारी भूकंप झाला. जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांचे जगातील सर्वांत अभ्यासलेले उदाहरण म्हणून आजही कोयनेचेच नाव घेतात आणि त्याच अभ्यासासाठी कराडजवळ सुमारे ३ किलोमीटर खोल विंधनविवर घेण्यात आले. कोयनेचा भूकंप साडेसहाच्या आसपासचा होता. तीव्रतेचे माप साध्या बेरजेचे नसल्यामुळे त्यात मोकळी झालेली ऊर्जा लँकेशायरच्या सर्वांत मोठ्या धक्क्याच्या लाखाहून अधिक पट होती. म्हणून फाइल्डला कोयनेच्या रांगेत बसवणे चूक ठरेल. दोन्हीकडचा कार्यकारणभाव मात्र एकाच जातीचा आहे.

प्रीस हॉलच्या धक्क्यांनंतर फ्रॅकिंगवर आलेली स्थगिती ब्रिटिश सरकारने डिसेंबर २०१२ मध्ये उठवली आणि सिग्नलच्या दिव्यांच्या धर्तीवर नियम घातला. पाणी सोडताना ०.५ किंवा अधिक तीव्रतेचा धक्का नोंदला गेला की लाल दिवा, म्हणजे काम किमान १८ तास थांबवायचे. ०.५ चा धक्का माणसाला जाणवतही नाही. त्यामुळे कंपन्यांनी हा नियम अवाजवी कडक असल्याची तक्रार सतत केली, आणि कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातील फॉक्स क्रीक भागात हीच मर्यादा ४.० आहे याकडे बोट दाखवले. परंतु फॉक्स क्रीकभोवती विरळ वस्तीचे जंगल आहे आणि फाइल्डमध्ये दर मैलाला जुनी विटांची घरे आहेत.

आता प्रश्न येतो तो ठरवायचे कोणी याचा, आणि माझ्या मते या लढ्याचे खरे मूळ तिथे आहे. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी जमिनीखालच्या खनिजाची मालकी खाजगी असते. वायू निघाला तर त्यातला वाटा जमीनमालकाला मिळतो, म्हणून पेनसिल्व्हेनियातील अनेक शेतकऱ्यांनी फ्रॅकिंगचे स्वागतही केले. ब्रिटनमध्ये १९३४ च्या कायद्याने जमिनीखालचे तेल आणि वायू राजसत्तेच्या मालकीचे झाले. भारतातही ही खनिजे शेतकऱ्याच्या मालकीची नसतात. ब्रिटनमध्ये त्याच्याही पुढे जाऊन २०१५ च्या कायद्याने जमिनीखाली ३०० मीटरपेक्षा खोल आडवे खोदकाम करण्यासाठी वरच्या जमीनमालकाची संमती घेण्याची गरज काढून टाकली. त्याआधी मागवलेल्या जनमतात ४० हजारांहून अधिक प्रतिक्रिया आल्या आणि त्यांपैकी ९९ टक्के विरोधात होत्या. बऱ्याच प्रतिक्रिया मोहिमेतल्या ठरावीक मजकुराच्या होत्या हे खरे, तरीही सरकारने बदल जसाच्या तसा केला. घराखालून बोअर जाणार, ट्रकांची वर्दळ आणि यंत्रांचा आवाज सोसायचा, आणि वायूवर आपला हक्क शून्य, अशी गावाची स्थिती झाली.

भरपाई अजिबात नव्हती असे नाही. वायू उद्योगाने प्रत्येक फ्रॅकिंगच्या जागेमागे परिसराला १ लाख पौंड आणि पुढे उत्पन्न सुरू झाल्यास त्याचा १ टक्का देण्याचे कबूल केले होते. प्रेस्टन न्यू रोडच्या वेळी विहिरीपासून एक किलोमीटरच्या आतल्या २९ घरांना प्रत्येकी २,०७० पौंड आणि एक ते दीड किलोमीटरच्या पट्ट्यातील २५९ घरांना प्रत्येकी १५० पौंड अशी वाटणी झाली. त्या पट्ट्यातल्या माणसाला घराची किंमत उतरेल अशी धास्ती होती, आणि त्याच्या हातावर दीडशे पौंड ठेवले गेले.

परवानगीची वाट सरळ नव्हती. क्वाड्रिलाने २०१४ साली प्रेस्टन न्यू रोड आणि जवळचेच रोझएकर वुड अशा दोन जागांसाठी अर्ज केले. निर्णय लँकेशायर जिल्हा परिषदेने, म्हणजे तिथल्या काउंटी कौन्सिलने, करायचा होता. परिषदेच्या हाती फक्त जमिनीच्या वापराचे प्रश्न होते. प्रदूषण पर्यावरण संस्थेने, विहिरीची मजबुती सुरक्षा खात्याने आणि भूकंप तेल-वायू नियामकाने पाहायचा, अशी कामाची वाटणी होती. म्हणून ज्या गोष्टींची गावाला सर्वांत जास्त काळजी होती, त्यांवर निवडून आलेल्या सदस्यांना नकाराचा निर्णय सहज बेतता येत नव्हता. जून २०१५ मध्ये त्यांनी दोन्ही अर्ज फेटाळले. प्रेस्टन न्यू रोडच्या बाबतीत परिषदेच्याच अधिकाऱ्यांनी परवानगी द्यावी अशी शिफारस केलेली असताना सदस्यांनी आवाज आणि परिसराच्या रूपावर होणारा परिणाम या कारणांवर नकार दिला. दूरच्या माणसाला ही कारणे किरकोळ वाटतात, पण कायद्याने त्यांना तीच हत्यारे दिली होती.

कंपनीने अपील केले, २०१६ च्या सुरुवातीला जाहीर सुनावणी झाली आणि ६ ऑक्टोबर २०१६ रोजी केंद्रीय मंत्री साजिद जाविद यांनी परिषदेचा निर्णय उलटवून प्रेस्टन न्यू रोडला परवानगी दिली. रोझएकर वुडचे प्रकरण अरुंद रस्त्यांवरील वाहतुकीच्या मुद्द्यावर आणखी अडले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये सरकारनेच ते कायमचे नाकारले. परंतु लिटल प्लम्प्टनच्या लोकांसमोरचे चित्र साधे होते: आपण निवडून दिलेल्यांनी नाही म्हटले आणि लंडनने हो म्हटले. याच सरकारने स्थानिक निर्णय स्थानिकांनी घ्यावेत असे आधी वारंवार सांगितले होते, म्हणून ही जखम खोल गेली.

जानेवारी २०१७ मध्ये काम सुरू झाल्यावर फाटकासमोरचे आंदोलन रोजचे झाले. त्यात दूरवरून आलेले कार्यकर्ते होते, तसेच आयुष्यात कधी मोर्चात न गेलेले निवृत्त शिक्षक, परिचारिका आणि शेतकरीही होते. सर्वांत ठळक होत्या त्या पिवळी जाकिटे घालून येणाऱ्या बायका. स्वतःला त्या ‘नाना’ म्हणवत, त्या भागात आजीला हीच हाक मारतात. ऑगस्ट २०१४ मध्येच त्यांच्यातल्या काहींनी नियोजित शेतात तंबू ठोकून ठाण मांडले होते. नंतरच्या काळात दर बुधवारी बायका पांढरे कपडे घालून फाटकाशी जमत, गाणी म्हणत, चहा वाटत आणि काही वेळ शांत उभ्या राहत. दुसरीकडे काही जण ट्रकांपुढून मुद्दाम सावकाश चालत, तर काही जण सिमेंट भरलेल्या पोलादी नळ्यांत हात अडकवून रस्त्यावर आडवे होत, कारण अशा माणसाला हलवायला पोलिसांना तासन्‌तास लागतात. एक मार्गिका बंद पडली की ब्लॅकपूलकडे जाणाऱ्या वाहनांच्या रांगा लागत, आणि त्याचा राग आंदोलकांवर काढणारेही स्थानिकच होते. ब्लॅकपूल हे गरिबीने गांजलेले शहर आहे, तिथे रोजगार येईल या आशेने फ्रॅकिंगला पाठिंबा देणारे व्यापारी आणि कुटुंबे होती. त्यांची गरज खोटी नव्हती.

जुलै २०१७ मध्ये चार जण ट्रकांवर चढून दोन-तीन दिवस वरच बसून राहिले. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांच्यातल्या तिघांना पंधरा ते सोळा महिन्यांची कैद झाली. १७ ऑक्टोबर २०१८ रोजी अपील न्यायालयाने ती शिक्षा उघडपणे अवाजवी ठरवून त्यांना सोडले. योगायोग असा की त्याच्या दोनच दिवस आधी, १५ ऑक्टोबरला, प्रेस्टन न्यू रोडवर प्रत्यक्ष फ्रॅकिंग सुरू झाले होते.

पुढच्या दोन महिन्यांत तिथे ५७ धक्के नोंदले गेले. बहुतेक अतिसूक्ष्म होते, सर्वांत मोठा ११ डिसेंबर २०१८ चा १.५ चा. मर्यादा वारंवार ओलांडली गेल्याने काम थांबत-सुरू होत राहिले. १५ ऑगस्ट २०१९ पासून दुसऱ्या विहिरीत काम सुरू झाले आणि आठवड्याभरात धक्के वाढू लागले. नियमाप्रमाणे पाणी सोडणे थांबवण्यात आले. त्यानंतर, विहीर बंद असताना, २४ ऑगस्टच्या रात्री २.१ चा आणि २६ ऑगस्टच्या सकाळी साडेआठच्या सुमारास २.९ चा धक्का बसला. सुट्टीचा सोमवार होता, लोक घरी होते. घरे हलली, भिंतींच्या प्लास्टरला तडे गेल्याच्या तक्रारी आल्या, जीवितहानी झाली नाही.

या दिवसाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. नुकसान थोडे होते, त्यामुळे काहींनी यात एवढे काय असे विचारले. पण लाल दिव्याच्या नियमामागचे गृहीतक असे होते की लहान धक्का आधी इशारा देईल, आपण पाणी थांबवू आणि मोठा धक्का टळेल. इथे पाणी थांबल्यानंतर अडीच दिवसांनी सर्वांत मोठा धक्का आला. आत सोडलेले पाणी काम थांबल्याबरोबर नाहीसे होत नाही, ते खडकात पसरत राहते आणि ज्या भ्रंशाचा नकाशा कुणाकडे नाही अशा भ्रंशापर्यंत पोचू शकते. ०.५ आणि २.९ यांतल्या ऊर्जेचा फरक सुमारे चार हजार पट आहे. पुढचा धक्का केवढा असेल, हाच गावकऱ्यांचा प्रश्न होता. नियामक संस्थेने उपलब्ध माहिती तपासल्यावर फ्रॅकिंगमुळे धक्के बसण्याची शक्यता आणि त्यांची तीव्रता अचूक वर्तवता येत नाही असे मान्य केले आणि २ नोव्हेंबर २०१९ रोजी सरकारने इंग्लंडमधील फ्रॅकिंगवर स्थगिती जाहीर केली. सार्वत्रिक निवडणूक महिन्याभरावर आली होती, त्यामुळे मतांचा हिशेबही त्यात असणारच. तरी नियामकाचे उत्तर तेच होते, जे गावाने आठ वर्षे मागितले होते.

२०२२ साली युक्रेनच्या युद्धामुळे वायूचे भाव भडकले आणि हा विषय पुन्हा उघडला. आपल्या जमिनीखालचा वायू आपण का काढू नये, हा युक्तिवाद पहिल्या कानाला पटतो. अडचण अशी की ब्रिटनचे वायूबाजार युरोपशी जोडलेले आहेत आणि लँकेशायरचा वायूही त्याच भावाने विकला गेला असता. क्वाड्रिलाचे संस्थापक भूशास्त्रज्ञ ख्रिस कॉर्नेलियस यांनीही त्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनमध्ये मोठ्या प्रमाणावर फ्रॅकिंग व्यवहार्य ठरणार नाही असेच मत जाहीरपणे मांडले. शिवाय हा वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि गळतीतून हवेत गेलेला मिथेन वीस वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीच्या आसपास पट उष्णता धरतो.

तरीही नव्या पंतप्रधान लिझ ट्रस यांच्या सरकारने २२ सप्टेंबर २०२२ रोजी स्थगिती उठवली. त्याच दिवशी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचा नवा अहवाल प्रसिद्ध झाला आणि असे धक्के आधी वर्तवणे अजूनही अवघड असल्याचे त्यात नमूद होते. मंत्री जेकब रीस-मॉग यांनी संसदेत विरोधाची संभावना यंत्रांना भिणाऱ्यांचा अडाणीपणा अशी केली, तेव्हा त्यांच्याच पक्षाचे फाइल्डचे खासदार मार्क मेन्झिस यांनी उठून आपले मतदार तसले नाहीत असे सुनावले आणि ट्रस यांनी कबूल केलेली ‘स्थानिक संमती’ नेमकी मोजणार कशी, असे विचारले. त्यांना स्पष्ट उत्तर मिळाले नाही. सार्वमत घ्यायचे की घरोघरी विचारायचे, संमती किती किलोमीटरच्या परिघातल्या लोकांची आणि भरपाई घेतलेल्या घराचे मत होकार समजायचे का, यांतले काहीच ठरलेले नव्हते. १९ ऑक्टोबरला फ्रॅकिंगवरच्या मतदानात सभागृहात गोंधळ माजला, दुसऱ्या दिवशी ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला, आणि महिना संपण्याच्या आत ऋषी सुनक यांच्या सरकारने स्थगिती पुन्हा लागू केली. तिची अट २०१९ चीच राहिली: धक्क्यांबाबत खात्री देणारा नवा शास्त्रीय पुरावा समोर येईपर्यंत फ्रॅकिंगला संमती मिळणार नाही.